आमची वाटचाल: मॉडेल गाड्यांच्या इंजिनांसाठी जाळीचे होज

रेसिंग इंजिनावर तेल आणि इंधन वाहून नेणारा चंदेरी जाळीचा होज असतो. तोच होज आम्ही 1:24 आणि 1:12 या प्रमाणांत विणतो. आमच्या सगळ्या कामाचा पाया चमक नसून बाहेरची जाडी आहे, आणि पहिल्या रिळापासून आम्ही तेच धरून आहोत. जाडी चुकली की उरलेलं कौशल्य वाया जातं.

गोंधळ होतो तो होजच्या नंबरमुळे. 10 नंबर म्हणजे 10/16 इंच, जवळपास 16 मिमी. ते माप होजच्या बाहेरच्या अंगाचं नाही. तो होज ज्या धातूच्या नळीची जागा घेतो, त्या नळीचं आहे. रबर आणि जाळी धरून 10 नंबरचा होज बाहेरून सुमारे 20.5 मिमी भरतो. 24 ने भागलं तर 0.85 मिमी येतं. नंबरवरून हिशेब केला तर 0.66 येतं आणि इंजिनावर दोरा बांधल्यासारखं दिसतं. याच पद्धतीने 6 नंबर 0.6 मिमी, 8 नंबर 0.7 मिमी आणि ड्राय संपचा (इंजिनाचं तेल बाहेरच्या वेगळ्या टाकीत ठेवायच्या रचनेचा) 12 नंबर 1 मिमी होतो. हेच 1 मिमीचं रीळ 1:12 च्या इंजिनावर 4 नंबर म्हणून चालतं, त्यामुळे दोन्ही प्रमाणांसाठी वेगळा साठा ठेवावा लागत नाही.

सुरुवात नाड्या आणि बुटांच्या लेस विणायच्या मशीनवर केली. 8 बॉबिनच्या मशीनवर जाळी दोरखंडासारखी जाड दिसते, म्हणून 16 बॉबिनचं मशीन. शिगम्यात गोफ विणताना अर्धे नाचणारे एका बाजूने आणि अर्धे उलट बाजूने एकमेकांना चुकवत फिरतात, तसे 8 बॉबिन उजवीकडे आणि 8 डावीकडे फिरतात. मधून गाभ्याची तार वर जाते. मशीन तेच ठेवलं, पण कॅरियरच्या, म्हणजे बॉबिन धरून फिरणाऱ्या भागांच्या, स्प्रिंगा सगळ्या बदलाव्या लागल्या. आमची तार कथिल चढवलेल्या तांब्याची, 47 गेज, म्हणजे 0.05 मिमी. ती साधारण 40 ग्रॅम भाराला तुटते. सुतासाठी बसवलेली स्प्रिंग तिला टिकूच देत नाही. ताण 10 ते 15 ग्रॅममध्ये ठेवावा लागतो आणि सोळाही बॉबिनवर सारखाच. एखादी बॉबिन ढिली राहिली, तर होजभर एक तिरकी फुगीर रेघ फिरत जाते आणि ती नंतर कशानेही बसत नाही.

जाळी चढल्यावर व्यासात तारेच्या जाडीच्या चौपट भर पडते, कारण प्रत्येक बाजूला दोन तारा एकमेकींवर येतात. म्हणून 0.85 च्या होजला गाभा 0.65 चा लागतो. 23 गेजची इनॅमलची वाइंडिंग वायर इनॅमलसकट तेवढीच भरते. ती आधी काळी रंगवून घ्यायची. या जाडीवर प्रत्येक बॉबिनवर दोन तारा शेजारी-शेजारी गुंडाळल्या, तरी जाळी गाभ्याचा सुमारे 83 टक्के भाग झाकते. उरलेल्या फटींतून तांबूस रंग डोकावला तर होज जुन्या विजेच्या वायरीसारखा दिसतो, काळा डोकावला तर आतल्या रबरासारखा. 1 मिमीच्या होजला तीन तारा लावतो. 0.5 च्या आतल्या होजला एकच, कारण तिथे दोन तारांना जागाच नसते, त्या एकमेकींवर चढतात.

खऱ्या प्रेशर होजमध्ये जाळीची तार अक्षाशी साधारण 54.7 अंशांचा कोन करते. या कोनात दाब आला तरी होज लांबत नाही की आखडत नाही. आम्हीही तोच कोन धरतो. 0.85 च्या होजला बॉबिनची एक पूर्ण फेरी होईपर्यंत होज 1.7 मिमी वर सरकला पाहिजे. जास्त सरकला की चौकटी लांबट होऊन गाभा उघडा पडतो, कमी सरकला की तारा गर्दी करून उभ्या राहतात. हे टेक-अप गिअरचे (विणलेला होज वर ओढणाऱ्या गिअरचे) दात बदलून जमवायचं, हाताने ओढून नाही.

इलॅस्टिकचा गाभा स्वस्त पडतो, पण वळवल्यावर तो परत सरळ व्हायला बघतो आणि काही आठवड्यांत होज फिटिंगमधून, म्हणजे टोकाच्या धातूच्या जोडातून, उपटून निघतो. मऊ तांबं दिलेला आकार धरून ठेवतं. मात्र होज इंजिनावर चिकटवल्यावर वळवू नये, प्लॅस्टिकचा जोड तुटतो. ड्रिल बिटच्या गोल दांड्यावर आधीच वळण देऊन घ्यावं. खरा 10 नंबर होज 10 ते 15 सेंमी त्रिज्येपेक्षा आत वळत नाही, म्हणजे मॉडेलवर 4 ते 6 मिमी. त्याहून घट्ट वळण हवं असेल तिथे 45 किंवा 90 अंशांचं एल्बो फिटिंग लावायचं.

कापताना जाळी पिसारते. कापायच्या जागी सुपर ग्लूचा जाड, जेल प्रकार टाचणीने लावावा, सुकू द्यावा आणि मग नव्या पात्याने कापावं. पातळ ग्लू जाळीतून पुढे ओढला जातो आणि होजचा मोठा तुकडा ताठर, चकचकीत करून टाकतो.

फिटिंगचं काम सगळ्यात अवघड निघालं. 10 नंबरच्या नटाच्या षट्कोनाचं समोरासमोरच्या बाजूंमधलं माप 1 इंच, म्हणजे आमच्याकडे 1.06 मिमी. होज शिरतो ते मागचं भोक 0.9 ठेवलं की भिंत 0.08 उरते आणि कापतानाच फाटते. म्हणून षट्कोन 1.1 केला. हा एवढाच फरक आम्ही जाणूनबुजून ठेवला आहे. स्लायडिंग हेड लेथवर (बारीक भाग कातायच्या लेथवर) गोल अॅल्युमिनियम कांबीतूनच पॉलिगॉन टर्निंगने, म्हणजे कांबीबरोबर हत्यारही फिरवून सपाट बाजू पाडत, षट्कोन निघतो. पुढचं भोक 0.7 असतं. होजच्या टोकाची जाळी सोलून गाभा त्यातून दीड मिमी बाहेर काढायचा आणि इंजिनात 0.7 च्या ड्रिलने पाडलेल्या भोकात बसवायचा. नुसत्या चिकटवलेल्या जोडापेक्षा हा कितीतरी पक्का बसतो.

लाल-निळा रंग अॅनोडायझिंगने येतो, म्हणजे आम्लात वीज सोडून अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवून. नट आणि सॉकेट (होजचं टोक धरणारा भाग) वेगवेगळे ओवून वेगवेगळे रंगवतो. 15 ते 18 टक्के सल्फ्युरिक आम्ल, 20 अंश तापमान, 12 ते 15 व्होल्ट. हे सुटे भाग भोकातून अॅल्युमिनियमच्या तारेवर घट्ट ओवावे लागतात. सैल राहिले की वीज पोचत नाही आणि रंग डागाळतो. उन्हाळ्यात टाकी थंड ठेवली नाही तर थर भुसभुशीत होतो. 10 मायक्रॉनचा थर भोक साधारण तेवढंच लहान करतो, म्हणून लेथवरच 0.01 मिमी वाढवून घेतो. ज्यांना पितळी फिटिंग चालतं, त्यांनी आधी क्रोम सिल्व्हर, त्यावर तामियाचा एक्स-27 लाल किंवा एक्स-23 निळा पारदर्शक रंग दोन पातळ हातांत द्यावा.

कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी 1960 च्या दशकातली गाडी बनवणाऱ्यांना आम्ही हा होज घेऊ नका असंच सांगतो. तिथे साधा काळा रबरी पाइप आणि क्लॅम्पच योग्य. रेडिएटरच्या जाड पाइपांनाही जाळी चढवू नये.

होज 30 सेंमीच्या सरळ तुकड्यांत पुठ्ठ्यावर पाठवतो, कारण लहान वेटोळ्याचा बाक तांब्यातून पूर्ण जात नाही. सध्या आधुनिक इंजिनांसाठी काळ्या नायलॉनची जाळी विणतोय. ती गरम पात्याने कापली तर टोकाला गोळी धरते आणि फिटिंगमध्ये जात नाही, त्यामुळे तिलाही आधी जेल ग्लू आणि मग पातं.