जिरकाटांगच्या नाक्याअलीकडे

अंदमानच्या सहलीत बाराटांग बेटाचा दिवस सगळ्यात लवकर उजाडतो. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) जिरकाटांगचा पोलीस नाका चाळीसेक किलोमीटरवर. गाड्यांचा पहिला ताफा तिथून सकाळी ६ ला सुटतो आणि रांग त्याच्या कितीतरी आधी लागते. म्हणून आम्ही टूर लीडर ३.३० ला हॉटेल सोडतो. नाक्याचा फॉर्म आदल्या रात्रीच भरायचा: प्रत्येकाचं नाव, वय, ओळखपत्राचा क्रमांक, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, सोबत झेरॉक्स. पहाटे टॉर्चच्या उजेडात भरला की आकडे चुकतात आणि गाडी रांगेबाहेर काढावी लागते.

त्या दिवशी २२ जणांचा ग्रुप होता, दोन टेम्पो ट्रॅव्हलर. आदल्या दिवशी सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघून सगळे हळवे झालेले. ३.२० ला लॉबीत हजेरी घेताना सोफ्यावरचा सात वर्षांचा मुलगा दिसला. ट्यूबलाइटकडे पाठ करून, आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसला होता. डोळे लाल, कडांना चिकट पाणी, नाक वाहतंय, कोरडा खोकला.

"झोप झाली नाही ना, म्हणून डोळे लाल झालेत," आई म्हणाली.

"ताप आहे का?"

"परवापासून थोडा आहे. रात्री औषध दिलंय, आता उतरलाय," वडिलांनी सांगितलं.

तीन दिवसांचा ताप, खोकला, वाहतं नाक आणि उजेड सहन न होणारे लाल डोळे हे सगळं एकत्र आलं की आधी गोवर मनात आणायचा. पुरळ नाही म्हणून गोवर नाही, हा समज चुकीचा आहे. पुरळ तापानंतर तीन-चार दिवसांनी, आधी कानामागे आणि केसांच्या कडेला उठतं. संसर्ग मात्र पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुढे चार दिवस होत राहतो. बंद खोलीच्या हवेत हा विषाणू दोन तासांपर्यंत टिकतो. तापाच्या औषधाने अंग गार होतं, संसर्ग थांबत नाही.

कुठल्याही सहलीत आजारी मूल मागे ठेवावंच. बाराटांगच्या रस्त्यावर हे अधिक कडक पाळायचं कारण हा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जारवा हे नावही दुसऱ्यांनी दिलेलं, त्याचा अर्थ परका. ते स्वतःला अंग म्हणतात. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या ३८० होती. एवढ्या छोट्या समाजात गोवर कायम वस्तीला राहू शकत नाही, त्यामुळे लहानपणी होऊन गेला आणि संरक्षण मिळालं, असं फारसं कुणाचं होत नाही. बाहेरून एकदा आला की पोरं, आईबाप, म्हातारे एकाच वेळी अंथरूण धरतात. मग डुकराची शिकार कोण करणार, मध आणि कंद कोण आणणार, आजाऱ्याला पाणी कोण देणार? पुष्कळदा माणूस दगावतो तो या मागच्या हालांनी.

हे अंदमानात घडून गेलं आहे. १८५८ मध्ये इंग्रजांनी इथे कैद्यांची वसाहत केली, पुढे ग्रेट अंदमानी या इथल्या दुसऱ्या आदिवासी लोकांना 'अंदमान होम' नावाच्या आश्रयगृहात आणून ठेवलं. १८७७ मध्ये तिथे गोवराची साथ आली. १९०१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी ६२५ होते, १९३१ मध्ये ९०, १९६१ मध्ये १९. जारवा बाणांच्या जोरावर लांब राहिले म्हणून वाचले. ऑक्टोबर १९९७ पासून ते दिवसाउजेडी, निःशस्त्र वस्त्यांकडे येऊ लागले आणि दोनच वर्षांत, १९९९ मध्ये, त्यांच्यातही गोवर शिरला.

हे मी त्या आईवडिलांना दोन मिनिटांत सांगितलं. वडील म्हणाले, "आपण कुठे उतरणार आहोत? काचा बंदच असतात की." ताफ्यात थांबायचं नाही, ओव्हरटेक नाही, वेग ताशी ४० च्या आत, फोटो नाही, काही द्यायचं नाही, हे नियम खरेच. पण गाड्या चढावर, वळणावर रेंगाळतात आणि काच कधी कोण सरकवेल याची खात्री देता येत नाही.

प्रश्न एकट्या मुलाचा नव्हता. अकरा वर्षांच्या थोरल्याला काही होत नव्हतं, पण दोघांना एकाच ठिकाणाहून लागण झाली असू शकते. लागणीपासून ताप यायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणजे उगम घरी, पुण्यात. बारा दिवसांपूर्वी एका लग्नाला चौघंही गेले होते. म्हणून चौघांनाही थांबवलं. उरलेले अठरा जण? ते मुलासोबत हॅवलॉक बेटाहून (आता स्वराज द्वीप) एसी बोटीतून आले होते, लागण तिथे झालेली असू शकते, पण ती आज दुसऱ्याला देण्याइतकी पिकलेली नसते. त्यांना नेता आलं. फॉर्म नव्याने भरला, चार नावं काढली आणि हॉटेलच्या मॅनेजरला उठवून डॉक्टरांची सोय केली. वडील रागावले होते. त्यांचा दिवस आणि पैसे दोन्ही गेले, राग समजण्यासारखा होता.

नाक्यावर गाडी थांबली की मी खाऊच्या पिशव्या गोळा करून मागच्या डिकीत टाकतो. त्या दिवशी एका आजींनी लाडवांचा डबा मांडीवरच ठेवला होता. पोलिसांच्या गाडीमागून ताफा निघाला. अर्ध्या तासाने एका चढावर पुढची बस मंदावली. रस्त्याच्या कडेला तीन जारवा मुलं होती. एक गाडीबरोबर पळत आला आणि तिसऱ्या रांगेच्या काचेवर त्याने तळवा टेकवला. पुढच्या सीटवरून आजींनी काच चार बोटं सरकवली, हातात लाडू. मी मनगट धरलं आणि काच ओढून घेतली.

"अहो, लेकरू आहे ते. हात पुढे केलेल्याला नाही म्हणू नये."

आजींचं मन चांगलंच होतं. पण १९७४ पासून सरकारी बोटींनी किनाऱ्यावर नारळ, केळी, लाल कापड ठेवून जारवांशी ओळख वाढवली, ती याच चांगल्या मनाने. त्या देण्यामागोमाग रस्त्यावरची बिस्किटं, तंबाखू आणि कॅमेरे आले. हा रस्ता जंगलापुरता बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं होतं. तरी तो चालू आहे. त्यावरून पर्यटक नेणं हे माझं काम आहे आणि माझं मत तो बंद व्हावा असंच आहे.

तळव्याचा ठसा काचेवर मिडल स्ट्रेटच्या धक्क्यापर्यंत होता. त्या खिडकीशी हॉटेलवर थांबवलेली ती दोन भावंडं बसणार होती. आता सीट रिकामी होती.

पुढचं नेहमीचं: जंगारीने खाडीपार, खारफुटीतून बोट, चुनखडीच्या गुहा, परतीचा ताफा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या कानामागे पुरळ उठलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी संपर्कातल्यांची यादी मागितली. मी बोटीची तिकिटं, हॉटेलच्या खोल्या, गाडीतल्या जागा, सगळं लिहून दिलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "आणि ड्रायव्हर?"

ड्रायव्हर माझ्या यादीत नव्हता. परवा जेटीवरून हॉटेलपर्यंत काचा लावलेल्या गाडीत तो त्या मुलासोबत होता. आज तो कुणालाही काही देणार नव्हता, पण दहा दिवसांनी देऊ शकला असता आणि आठवड्यातून चारदा त्याच जंगलातून जाणारा तोच होता. पाहुणे पुण्याला परततात, तो तिथेच राहतो. पर्यटकांच्या प्रकृतीची चौकशी करताना गाडी चालवणाऱ्याला विसरणं ही माझी चूक होती. आता फॉर्म भरताना पहिला प्रश्न त्यालाच असतो.

त्याने तिथूनच आईला फोन लावला. तो रांचीवाल्यांच्या, म्हणजे छोटा नागपूरकडून आलेल्या मजुरांच्या, वस्तीतला. लहानपणी गोवर झाला होता, घरात कडुनिंबाचे डहाळे लावले होते, असं ती म्हणाली. डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं, पण तेवढ्यावर विसंबले नाहीत. रक्ताचा नमुना घेतला आणि २१ दिवस त्याने जंगलाच्या रस्त्यावर जाऊ नये असं लिहून दिलं. ती चिठ्ठी मी गाडीच्या मालकाकडे नेली. मालकाने त्याला महिनाभर दक्षिणेच्या, जारवांच्या जंगलापासून लांबच्या चिडिया टापूच्या फेऱ्या लावल्या.