आजी ओल्ड, मग मी न्यू?

आज दुसरीच्या वर्गात अपोझिट वर्ड्स घेतले. बिग-स्मॉल, अप-डाऊन हातवारे करत झटपट झालं. ओपन म्हटलं की सगळे डबे उघडायचे, शट म्हटलं की खाट्कन बंद.

मग फळ्यावर ओल्ड लिहिलं, समोर न्यू. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, माही आजी ओल्ड आहे. मग मी न्यू आहो का?"

मी खडू खाली ठेवला. किती बरोबर विचारलं पोरीनं! आपल्याकडे घर जुनं आणि माणूस म्हातारा, शब्दच वेगळे. इंग्रजीत दोघांना एकच ओल्ड, म्हणून त्याला उलटे शब्द दोन: वस्तूला न्यू, माणसाला यंग. शॉर्टचंही तेच. पेन्सिल शॉर्ट तर दुसरी लाँग, मुलगा शॉर्ट तर दुसरा टॉल. लाइटसमोर कधी हेवी, कधी डार्क. इतकी वर्षं या जोड्या मी पाढ्यांसारख्या पाठ करून घेतल्या, याचं आज फार वाईट वाटलं.

डब्याच्या सुट्टीनंतर स्वीट-सावरसाठी संत्री सोलली. नागपुरात दुसरं काय आणणार? फोड तोंडात टाकून एक जण म्हणाला, "मॅडम, हे तं दोन्ही आहे."

खरंच की! हॉट-कोल्डच्या मध्ये कोमट असतं, ऑन-ऑफच्या मध्ये काहीच नसतं, आणि हे आंबटगोड तर दोन्ही एकदम. कोणत्याच रकान्यात बसेना, म्हणून फळ्यावर मधोमध संत्र्याचं चित्र काढलं. ते पुसू नका, असं दुपारपाळीच्या बाईंना सांगून आलेय.