पिस्तूल बाहेर ठेवा, हे सांगायचं कोणी?

परवा मावशीचा फोन आला. मावसबहीण नुकतीच टॅम्पाला शिफ्ट झालीये आणि मावशीने कुठेतरी वाचलं की फ्लोरिडात आता लोक कमरेला पिस्तूल लावून उघड फिरू शकतात (२०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या अपील कोर्टाने त्यावरची बंदी घटनाबाह्य ठरवली, त्याची बातमी). "अगं, तुमच्या टेक्सासात तर आधीपासूनच आहे ना हे? मग भाजी आणायला जाता कसे तुम्ही?"

म्हटलं, कारने जातो.

खरंच सांगते, रोज उठून काही दिसत नाही. डॅलसच्या उत्तरेकडे आम्ही राहतो, सगळा आयटीवाल्यांचा एरिया, इथे ज्यांच्याकडे असतं ते बहुतेक शर्टाखालीच ठेवतात. मला उघड दिसलेले मोजकेच. त्यातला एक डोक्यात पक्का बसलाय, ग्रोसरीमध्ये कोथिंबिरीच्या जुड्या उलट्यापालट्या करून बघत होता, अगदी आपल्या मंडईत बघतात तसा, पट्ट्याला तपकिरी चामड्याचं होल्स्टर, आणि ट्रॉलीत बसवलेलं त्याचं पोरगं बरोब्बर त्या होल्स्टरच्या उंचीवर पाय हलवत बसलेलं. माझ्याकडे बघून छान हसला. मीही हसले. आणि मग कोथिंबीर न घेताच पुढे गेले.

पण माझा खरा राग त्या माणसावर नाहीये, दुकानाच्या दारावरच्या पाट्यांवर आहे. इथे २०१६ च्या १ जानेवारीपासून परवाना असेल तर हँडगन उघड बाळगता यायला लागली, आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून २१ वर्षांच्या पुढच्या बहुतेकांना परवानाही लागत नाही. दुकानदाराला नको असेल तर? तर त्याने दारावर पाटी लावायची. 'बंदूक आणू नये' एवढं लिहून भागत नाही हं. परवानाधारकाला अडवायचं तर मजकूर कायद्यात ठरवून दिलाय तोच हवा, इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत हवा, अक्षरं किमान १ इंच उंच हवीत, रंग उठून दिसायला हवा. उघड पिस्तुलासाठी कलम ३०.०७ ची पाटी. झाकलेल्यासाठी ३०.०६ ची वेगळी. आणि परवान्याची अटच गेल्यावर बिनपरवान्यावाल्यांसाठी ३०.०५ ची आणखी एक. तिन्ही लावल्या तर दाराला काच उरते का हो? आमच्या इथल्या चहा-समोशावाल्या काकांनी एकही लावलेली नाही, म्हणतात लावली तर एक गिऱ्हाईक जातं, नाही लावली तर दुसरं. मोठ्यांचं बरं असतं, एचईबी या इथल्या किराणा साखळीने उघड पिस्तूल नको म्हणून सांगितलं, व्हॉटाबर्गर या बर्गरवाल्यांनी सांगितलं, वॉलमार्टनेही २०१९ मध्ये एल पासोच्या त्यांच्याच स्टोअरमध्ये २३ जणांचा जीव घेणारा गोळीबार झाल्यावर, उघड आणू नका अशी 'विनंती' केली. विनंती! म्हणजे सरकार 'हो' म्हणून मोकळं झालं, आणि 'नाही' म्हणायचा वाईटपणा ज्याने त्याने आपापल्या दारात घ्यायचा.

गंमत म्हणजे हे काउबॉयच्या काळापासून चालत आलंय असं आपल्याला वाटतं ना, तसं नाहीच. हँडगन लावून फिरायला इथे १८७१ मध्येच बंदी घातली होती, आणि उघड बाळगायची बंदी जवळपास दीडशे वर्षं टिकली.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, कारण त्यांची एक गोष्ट अशी आहे की तिला माझ्याकडे उत्तर नाही. १९९१ मध्ये टेक्सासातल्याच किलीन गावच्या एका कॅफेटेरियात २३ माणसं मारली गेली. सुझाना हप तिथे आईवडिलांबरोबर जेवायला गेली होती, तिचं रिव्हॉल्व्हर गाडीत होतं कारण जवळ ठेवणं बेकायदेशीर होतं, आणि आईवडील दोघंही तिथेच गेले. पुढे ती आमदार झाली. झाकून बाळगायचा परवाना इथे १९९५ च्या कायद्याने आला, त्यामागे ही घटना आहे. ते मला समजतं. पण उघड कशाला? २०१६ च्या जुलैमध्ये डॅलसच्या मोर्चात ५ पोलीस मारले गेले तेव्हा मोर्च्यात काही लोक कायदेशीरपणे रायफली खांद्याला लावून चालत होते (रायफलीला इथे आधीपासूनच मुभा), पोलिसांनी त्यातल्याच एकाचा फोटो संशयित म्हणून सगळीकडे पाठवला, आणि त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. गोळीबार चालू असताना पोलिसाने ओळखायचं तरी कसं?

आता हे सगळं आत्ता का लिहितेय, तर मागच्या महिन्यात एका वाढदिवसाच्या पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, तसली पार्टी) आपल्यातलाच एकजण पट्ट्याला पिस्तूल लावून आला. सातारकडचा, ग्रीन कार्ड नुकतंच झालेलं (एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर सहसा बंदूक बाळगता येत नाही, काही महाभाग त्यासाठी शिकारीचं लायसन्स काढतात तो भाग वेगळा). एका हातात पावभाजीचा ट्रे. पाच मिनिटं कुणी काही बोलेना. मी म्हटलं, "अहो, मुलं आहेत इथे." तर म्हणतो, "वहिनी, दिसतंय म्हणून भीती वाटते तुम्हाला. ज्यांचं दिसत नाही त्यांचं काय?" यावर मला पटकन काही सुचलं नाही, आणि अजूनही अर्धवटच सुचलंय.

कायद्याने यजमानाने नुसतं तोंडी सांगितलं तरी चालतं, पाटीबिटी लागत नाही. पण सांगणार कोण? आपण पाहुण्याला चपला बाहेर काढा म्हणतानासुद्धा "असू द्या, असू द्या" म्हणणारी माणसं. यजमानीणबाई शेवटपर्यंत "अजून घ्या ना थोडं" एवढंच म्हणत राहिल्या. घरी येताना नवरा म्हणाला, त्याचा हक्क आहे. मी म्हटलं, हक्क आहे म्हणून वापरलाच पाहिजे का, आणि तोही पावभाजी वाढताना?

आता कमेंटमध्ये "परत या मग" म्हणणारे येतीलच. तर, २०२४ च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यावर बीडमधल्या शस्त्रपरवान्यांवरून केवढा गदारोळ झाला, पिस्तूल मिरवणाऱ्यांचे कसले कसले व्हिडिओ फिरले, ते आम्हीही इथे बसून पाहिलंय. फरक आहे हे मान्य, तिकडे परवाना मिळवायला चपला झिजतात, निवडणुकीत शस्त्र जमा करायला लावतात, आणि इकडे ड्रायव्हिंगची टेस्ट द्यावी लागते पण पिस्तुलाची नाही. इथल्या ॲलन गावच्या ज्या मॉलमध्ये २०२३ मध्ये ८ जण मारले गेले, त्यात एक भारतीय तरुणीही होती, तिथे आम्ही सगळेच शॉपिंगला जातो. अजूनही जातो. शाळा चांगली आहे, घराचे हप्ते चालू आहेत, शेजारची म्हातारी बर्फ पडला की आमच्यासाठी सूप घेऊन येते, आणि तिच्याकडे दोन रायफली आहेत.

दिवाळीचा फराळ यंदा आमच्याकडे आहे, चाळीसेक माणसं. व्हॉट्सॲपच्या आमंत्रणात शेवटी एक ओळ टाकायची मी ठरवलंय, पिस्तूल गाडीतच ठेवून या. नवरा म्हणतो, कसं दिसेल ते. सध्या मेसेज ड्राफ्टमध्ये आहे आणि आमचं भांडण चालू आहे.