हिरवी चकती, लाल चकती

पोर्तो अलेग्रे ही ब्राझीलच्या दक्षिण टोकाच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्याची राजधानी. आपल्याकडचे पर्यटक इथवर सहसा येत नाहीत, ते रिओ आणि इग्वासूचा धबधबा बघून परततात. आम्ही आलो ते नवऱ्याच्या ऑफिसच्या कामामुळे. पण ब्राझिलियन बार्बेक्यू म्हणून जे जगभर विकलं जातं, ते शुहास्को मूळचं इथल्या गवताळ माळांवरच्या गुराख्यांचं, म्हणजे गाउशोंचं. त्यामुळे इथे येऊन शुहास्कारियात जेवायचं नाही, हे मला पटण्यासारखं नव्हतं. नवरा अंड्यापुढे जात नाही, तरी निमूटपणे आला.

एकदा ठरलेले पैसे द्यायचे आणि हवं तितकं खायचं, या पद्धतीला रोदिझिओ म्हणतात. टेबलावर एक गोल चकती असते. हिरवी बाजू वर ठेवली की सळया घेतलेले वाढपी येत राहतात, लाल केली की थांबतात. निदान थांबायला हवेत. आमचा वाढपी लाल चकतीकडे बघून हसायचा आणि तरीही सळई पुढे करायचा. पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी जिलबी पडतेच, तसलाच प्रकार.

सोबत नवऱ्याचा तिथला सहकारी होता. त्याने बसल्या बसल्या मला दम भरला, "पहिला अर्धा तास पोट राखा." कारण सुरुवातीला येतात ते सॉसेज, कोंबडीची हृदयं आणि गरमागरम चीजचे छोटे पाव. सगळं चविष्ट, पोट भरणारं आणि मालकाला स्वस्त पडणारं. हृदयं मात्र मी सोडली नाहीत. सळईवर ओळीने ओवलेली, खारट, चावायला किंचित चिवट. एकदा तोंडात टाकली की हात थांबत नाही.

मग आली पिकान्या. गाईच्या पुठ्ठ्यावरचा हा तुकडा, एका बाजूला चरबीचा जाड थर असलेला. ती बाजू बाहेर राहील असा अर्धगोल वाकवून तो सळईत खोवतात. मसाला काहीच नाही, फक्त जाडं मीठ. वाढपी सळई टेबलाशी उभी धरतो, धारदार सुरीने वरून पातळ काप काढतो आणि आपण तो छोट्या चिमट्याने धरायचा. चिमटा कशासाठी, हे मला आधी कळेना. वरचा भाजलेला थर संपला की आतलं कच्चं मांस उघडं पडतं. मग सळई पुन्हा मीठ लावून विस्तवावर जाते. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कडेचाच खरपूस काप! मसाल्यावाचून मांस आपल्याला बेचव लागेल ही माझी खात्री पहिल्याच घासाला गेली. तरी मला जास्त आवडली कोस्तेला, तासन् तास मंद आचेवर ठेवलेल्या बरगड्या. हाड नुसतं ओढलं की सुटून येत होतं. पिकान्याचा एवढा गाजावाजा आहे, पण मला विचाराल तर ती दुसरी.

ज्यांना गोमांस वर्ज्य आहे त्यांनी प्रत्येक सळईला काय आहे ते विचारावं. डुक्कर, कोंबडी, मेंढी फिरतात, पण बहुतेक सळया बीफच्याच.

नंतर एक गुबगुबीत, चरबीच्या बारीक रेषांनी भरलेला तुकडा आला. कुपिम. विचारलं तर सहकाऱ्याने स्वतःच्या मानेमागे थाप मारून दाखवली: वशिंड! वशिंड असतं आपल्याकडच्या गुरांना. ब्राझीलमध्ये २० कोटींहून जास्त गुरं आहेत आणि त्यातली बहुसंख्य भारतीय वंशाची. तिथली नेलोर जात आंध्रातल्या ओंगोलची, गीर तर नावासकट सौराष्ट्रातली. १९व्या शतकापासून ही जनावरं जहाजाने तिकडे गेली, कारण उष्ण हवेत आणि गोचिडांपुढे युरोपातली गुरं टिकत नव्हती. या दक्षिणेकडच्या थंड राज्यात मात्र अजून अँगस, हेरफर्ड या युरोपीय जातींचाच मान. म्हणून सहकारी कुपिमला हात लावायला तयार नव्हता. "ते उत्तरेकडच्यांचं," म्हणाला.

पाठोपाठ सळईवर अख्खा अननस आला, साखर-दालचिनी लावून भाजलेला. तो मात्र मूळ दक्षिण अमेरिकेचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारतात नेलेला. माझ्या ताटात दोघं शेजारी शेजारी पडले, एक इथून भारतात गेलेला आणि एक भारतातून इथे आलेलं.

नवऱ्याची तोवर चैन चालली होती. सॅलडच्या लांबलचक टेबलावर पाल्मितो, म्हणजे ताडवर्गातल्या झाडाचा कोवळा गाभा, बीट, भात, तळलेला कसावा (एक कंद) आणि फारोफा, म्हणजे कसाव्याचं भाजलेलं जाडसर पीठ. काळ्या घेवड्याच्या उसळीत डुकराचं मांस असतं, ते शाकाहाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. भाजलेलं चीज तो मागून मागून घेत होता. अननस मात्र सोडला.

शेवटी सागू. कसाव्याचाच साबुदाणा, पण रेड वाइनमध्ये साखर घालून शिजवलेला, जांभळा, वर कस्टर्ड. या राज्याचं हे घरोघरचं गोड. नवऱ्याने दोन वाट्या संपवल्या. हॉटेलवर परतल्यावर सासूबाईंचा फोन आला, जेवलास का नीट म्हणून. त्याने सांगितलं, इथेसुद्धा साबुदाण्याची खीर मिळाली. त्यांना फार बरं वाटलं. कशात शिजवलेली, ते त्यांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.