होम सिग्नल अखेर हिरवा, आणि द.म.रे.चा कंदील

हिरवा आला! आपल्या रेल्वे संग्रहालयाच्या मागच्या वृत्तांतात 'होम सिग्नल उभा राहिला, आता फक्त दिवा लावायचा बाकी' असं लिहून मी मोकळा झालो होतो. त्या 'फक्त'नं अख्खा पावसाळा खाल्ला.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. होम सिग्नल म्हणजे स्टेशनात शिरायची परवानगी देणारा सिग्नल. आपल्या संग्रहालयातला त्याचा हात लोअर क्वाड्रंटचा आहे, म्हणजे परवानगी देताना खाली पडणारा. छताच्या उंचीमुळे खांब आखूड ठेवलाय, पण लिव्हर, तार, पुली, वजन सगळं जागच्या जागी आहे. पोरं कोपऱ्यातला लिव्हर ओढतात, हात खाली पडतो, पलीकडचा चष्मा (रंगीत काचांची चौकट) वर सरकतो आणि लाल काच बाजूला होऊन खालची काच दिव्यासमोर येते. 'गाडीला सिग्नल पडला' म्हणजे काय, हे ज्यांनी फक्त रंगीत दिव्यांचे सिग्नल पाहिलेत त्यांना एका फटक्यात कळतं.

फक्त पडलेला सिग्नल निळा दिसत होता. हिरवट नाही, पोपटी नाही, चक्क निळा. लाल बाजू झकास. रविवारच्या गर्दीत कुणी ना कुणी पोरगं हटकून विचारायचं, "ओ काका, सिग्नल निळा कधी असतंय का?"

पहिला संशय काचेवर. भंगारातून आलेल्या चष्म्यात कुणीतरी भलतीच काच बसवली असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. हिरवं अॅक्रिलिक कापून लावा, असाही सल्ला आला. अॅक्रिलिकला माझा ठाम विरोध होता आणि आहे. बाकी सगळं अस्सल ठेवून नेमकी काचच प्लॅस्टिकची लावायची, तर मग फ्लेक्सवर सिग्नलचा फोटो छापून टांगा की.

निकाल लावला तो आपल्या लॅम्पमन मामांनी, म्हणजे सिग्नलचे दिवे सांभाळणाऱ्यांनी. मामांनी उमेदीची वर्षं सिग्नलच्या शिडीवर चढउतार करण्यात घालवलेली. त्यांनी चष्मा खिडकीच्या उजेडाकडे धरला, काचेच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "काच अस्सल आहे. दिवा नकली आहे तुमचा."

बरोबर होतं. रॉकेलच्या ज्योतीत पिवळा-तांबडा उजेड भरपूर आणि निळा नावापुरता. म्हणून सिग्नलची 'हिरवी' काच मुद्दाम निळसर बनवायचे. पिवळी ज्योत आणि निळसर काच मिळून लोको पायलटला हिरवा दिसायचा. आम्ही आत बसवला होता पांढरा एलईडी. त्याची चिप मुळात निळी असते आणि वरच्या फॉस्फरच्या लेपामुळे तो पांढरा भासतो. त्यातला निळा ही काच बिनदिक्कत सोडते.

मग रॉकेलच का नाही? एक तर ते मिळवणं जिकिरीचं. दुसरं म्हणजे शेजारच्याच भिंतीवर तेव्हा पुठ्ठ्याची तिकिटं होती. त्या खोलीत उघडी ज्योत मी पेटवू देणार नाही, मामा कितीही रुसोत.

इथून प्रयोगांची मालिका सुरू झाली. 'वॉर्म व्हाइट' एलईडी आणला, खोक्यावर ३००० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा-तांबडा). निळ्याचा मोरपंखी झाला, पुढं सरकेना. मग २२०० केल्विनचा, काचेच्या नळीत पिवळ्या काड्या असतात तो शोभेचा बल्ब. रंग बराच सुधारला, पण त्या उभ्या काड्या दिव्यासमोरच्या फुगीर बुल्स-आय भिंगातून मोठ्या होऊन रेघारेघांच्या दिसायच्या. मग सरळ अंबर एलईडी लावला, तर सिग्नल जवळजवळ विझला. अंबर एलईडी पिवळ्याचा एक बारीक पट्टा तेवढा देतो आणि तोच ही काच अडवते. ज्योतीत थोडा का होईना हिरवा असतो, तो इथं नाहीच. मंडप-डेकोरेशनवाल्याकडून पिवळसर जेलचा, म्हणजे दिव्यावर लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचा, तुकडा आणला. रंग जमला, पण जेलची प्रत्येक सुरकुती भिंगानं दाखवली. ते भिंग चहाडखोर आहे, आत काही लपवू देत नाही.

किल्ली सापडली रस्त्यात. सोलापुरात सात रस्त्याला समोर एक जुनी रिक्षा, बॅटरी मेलेली, इंडिकेटर मलूल तांबूस लुकलुकतोय. हाच तर रॉकेलचा रंग! एलईडीचा उजेड मंद केला तरी रंग तोच राहतो. तारेच्या बल्बचं तसं नाही, व्होल्टेज उतरलं की तार थंडावते आणि उजेड पिवळा-तांबडा होत जातो.

लगेच १२ व्होल्ट, २१ वॅटचा साधा इंडिकेटर बल्ब घेतला, नारिंगी नव्हे, पांढऱ्या काचेचा, आणि ६ व्होल्टवर लावला. पूर्ण व्होल्टेजला असा बल्ब २७००-२८०० केल्विनच्या आसपास असतो, निम्म्यावर २००० च्या घरात येतो. रॉकेलची ज्योत साधारण १९०० ची. उजेड जेमतेम दहावा हिस्सा उरतो, पण मूळ दिवा तरी कुठं ढणढणत होता? काम भिंगाचं आहे. तार बारीक असल्यानं भिंगाच्या नाभीवर नेमकी बसते. खिडकीला पडदा लावला, लिव्हर ओढला, आणि हिरवा! थोडासा निळसर झाक असलेला, जुन्या रात्रींचा हिरवा. मामांनी आधी दिव्याच्या मागं जाऊन वात बघितली, मग हसले.

उष्णतेची चिंता नको. निम्म्या व्होल्टेजला सात वॅटच्या आसपास खर्च होतो, आणि दिव्याचं घर मुळातच ज्योतीसाठी केलेलं, वर धुराडं आहे. बल्बचं आयुष्यही भरमसाट वाढतं. आणि किंमत? ऑनलाइन 'हेरिटेज लाइटिंग' म्हणून विकतात त्यांच्या एका डिमरच्या पैशात पोतंभर इंडिकेटर बल्ब येतील.

हे लिहिता लिहिता सुचलं: ६ व्होल्टचा वेगळा अॅडॉप्टर हवाच कशाला? एकाच १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर दोन सारखे बल्ब सिरीजमध्ये जोडले की दोघांना सहा-सहा. एक सिग्नलला, दुसरा हाताच्या कंदिलाला. एक गेला की दुसराही विझेल, पण मग दुरुस्ती लांबणीवर पडणार नाही, हे बरंच. कंदिलासाठी बॅटरी बसवायचा बेत रद्द.

कंदिलावरून आठवलं. मंगळवार बाजारातून आलेला तीन रंगी हाताचा कंदील काजळी काढल्यावर बोलायला लागला. बुडाला ठोकलेली अक्षरं निघाली: एस. सी. आर., म्हणजे साउथ सेंट्रल रेल्वे, आपली द.म.रे. सोलापूर विभाग १९६६ ते १९७७ दक्षिण मध्य रेल्वेत होता, आधी आणि नंतर मध्य रेल्वेत. तेव्हा कंदील सोलापूरचाच असेल तर त्याच अकरा वर्षांतला. जी.आय.पी.चे (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे) ठसे सगळेच मिरवतात, मला हा जास्त आवडला. त्याला पितळेची पॉलिश लावायला मी सक्त मनाई केली आहे. त्या पॉलिशनं ठसे बुजलेले बिल्ले पाहून पाहून डोकं उठलंय.

तिकिटांचं थोडक्यात. एडमंडसन पद्धतीची, जुनी छोटी पुठ्ठ्याची सगळी तिकिटं डिंकातून सोडवून पॉलिएस्टरच्या पाकिटात गेली, भिंतीवर आता छापील प्रती. सोलापूरच्या उन्हाळ्यात अस्सल पुठ्ठा खिडकीसमोर ठेवणं म्हणजे छळ. बार्शी लाइट रेल्वेच्या माहितीच्या फळीला १८९७ पासून सुरुवात करायची, आणि कुर्डुवाडी तेव्हा 'बार्शी रोड' होतं हे नकाशावरच दाखवायचं.

सिग्नलशेजारच्या पाटीवर आता काचेचं शास्त्र येईल. सोबत तो नियमही: रंगीत उजेडाच्या जागी पांढरा दिसला तर सिग्नल सर्वात कडक संकेत देतोय (होम सिग्नलला म्हणजे 'थांबा') असं धरून चालायचं. काच फुटली की उजेड पांढराच दिसणार, म्हणून एक फुटकी लाल काच बाजूला टांगून ठेवू, पोरांना आपोआप कळेल.

राहिला बॅक लाइट. दिव्याच्या पाठीमागचं बारीक भोक, ज्यातून रात्री सिग्नल केबिनमधून दिवा जळतोय की नाही ते दिसायचं आणि हात पडला की झाकलं जायचं. भोक आहे, झाकणारा ब्लाइंडर हरवलाय. कुणाच्या संग्रहात लोअर क्वाड्रंटचा ब्लाइंडर असेल तर कागदावर ठेवून पेन्सिलीनं रेघ मारून धाडा, भोकांची मापं तेवढी लिहा. पत्रा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कापून घेतो.