‘येथे क्लिक करा’ म्हणजे नेमकं कुठे?

लिंकच्या अक्षरांत काय लिहायचं, हे बहुतेक जण सगळं लिखाण संपल्यावर, प्रकाशित करायच्या घाईत ठरवतात. त्यामुळे जिकडेतिकडे ‘येथे क्लिक करा’, ‘इथे वाचा’, ‘अधिक माहिती’ यांचा सुकाळ. वाचक पुढचं-मागचं वाक्य बघून अंदाज बांधतो आणि पुढे जातो. सर्च इंजिनासाठी मात्र तेवढे दोन-तीन शब्द म्हणजे पलीकडच्या पानाबद्दल एका तिऱ्हाइताने दिलेली साक्ष असते. पान स्वतःबद्दल वाट्टेल ते म्हणू शकतं. दुसरे त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, हे त्याच्या हातात नसतं. लिंकच्या या शब्दांना, म्हणजे अँकर टेक्स्टला किंवा नुसत्या ‘अँकर’ला, किंमत आली ती यामुळे, आणि त्यातल्या लबाड्याही इथूनच सुरू झाल्या.

सेर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ च्या शोधनिबंधात गूगलची रचना मांडली, तेव्हा पेजरँकइतकीच (म्हणजे लिंकवरून पानाचं वजन काढण्याच्या सूत्राइतकीच) ठळक जागा या कल्पनेला दिली होती. लिंकचे शब्द ज्या पानावर लिहिलेत त्याच्या खात्यात तर जमा करायचेच, पण ती लिंक ज्या पानाकडे जाते त्याच्याही खात्यात जमा करायचे. कल्पना संपूर्ण नवी नव्हती. वर्ल्ड वाइड वेब वर्म या जुन्या सर्च इंजिनाने ती आधी वापरल्याचं त्याच निबंधात नोंदलेलं आहे. गूगलने ती मोठ्या प्रमाणावर राबवली. तेव्हाच्या २ कोटी ४० लाख पानांच्या संग्रहात २५ कोटी ९० लाखांहून जास्त अँकर होते. फायदे दोन. पान स्वतःचं वर्णन करतं त्यापेक्षा बाहेरचे लोक अनेकदा नेमकं वर्णन करतात. आणि ज्यात वाचण्याजोगा मजकूरच नाही, म्हणजे चित्र, प्रोग्राम, डेटाबेस, अशा गोष्टीही शोधात सापडू शकतात.

पेजरँकचं गणित वेगळं. त्यात शब्द नसतात, फक्त वजन असतं. मूळ सूत्रात एका पानाचं वजन त्यावरच्या सगळ्या लिंकमध्ये सारखं वाटलं जातं आणि वाटण्याआधी ०.८५ ने गुणलं जातं. वजन १ धरलं आणि पानावर १० लिंक असल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ०.०८५ येतं, ५० असल्या तर ०.०१७. आजचं गणित इतकं सरळ नाही. गूगलला २०१० मध्ये मिळालेल्या एका पेटंटमध्ये, वाचक ज्या लिंकवर क्लिक करण्याची शक्यता जास्त तिला जास्त वजन द्यावं, अशी मांडणी आहे: मजकुराच्या मधली लिंक आणि तळाशी बारीक अक्षरांतली लिंक एका मापाच्या नाहीत. पण दोन कामांची फारकत लक्षात ठेवावी. वजन सांगतं, पान किती भरवशाचं; अँकर सांगतो, कशाबद्दल भरवशाचं. भारदस्त साइटवरून ‘येथे’ अशी लिंक मिळाली, तर वजन आलं पण विषय आला नाही.

हे किती खरं होतं याचे दोन जुने दाखले आहेत. ‘क्लिक हिअर’ असं शोधलं की कित्येक वर्षं अडोबी रीडर उतरवून घेण्याचं पान सर्वात वर यायचं, कारण असंख्य साइटवर पीडीएफच्या शेजारी ‘रीडर हवा असेल तर क्लिक हिअर’ असं लिहिलेलं असे. दुसरा दाखला २००३ चा. लोकांनी ठरवून ‘मिझरेबल फेल्युअर’ या शब्दांवर व्हाइट हाउसच्या साइटवरील जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या परिचयाची लिंक दिली आणि ते पान त्या शब्दांसाठी पहिलं आलं. त्या पानावर ते शब्द कुठेच नव्हते. असे ‘गूगल बॉम्ब’ निकामी करणारा बदल गूगलने जानेवारी २००७ मध्ये केला.

आता कामाचं. लिंक आधी लिंक म्हणून दिसली पाहिजे. गूगल खात्रीने ओळखतो तो एचटीएमएलचा (पानं ज्या खुणांच्या भाषेत लिहितात तिचा) ‘ए’ टॅग, ज्यात ‘एचरेफ’ला खरा पत्ता दिलेला आहे. जावास्क्रिप्टने क्लिक पकडणारं बटण किंवा स्पॅन दिसायला हुबेहूब लिंकसारखं असतं, पण त्यातून ना पत्ता मिळतो ना शब्द. ‘आणखी दाखवा’ बटणामागे लपलेली पानं पुष्कळदा याच कारणाने इंडेक्समध्ये, म्हणजे सर्च इंजिनाच्या नोंदवहीत, येत नाहीत. चित्राला लिंक दिली असेल तर त्याचा ‘ऑल्ट’ मजकूर (चित्राऐवजी वाचायचं वर्णन) अँकरचं काम करतो; तो रिकामा ठेवला की साक्षीदार मुका. साइटचा लोगो, मेन्यूतली चिन्हं, ‘पुढे’चा बाण, या ठिकाणी ही चूक हमखास सापडते.

शब्द निवडताना साधी परीक्षा: बाकीचं वाक्य हाताने झाका आणि फक्त अँकर वाचा. पलीकडे काय आहे ते कळलं तर ठीक. सायकलची साखळी बदलण्यावर एक पान आहे असं धरू. ‘साखळी बदलायची असेल तर येथे पाहा’ यात ‘येथे’वर लिंक असेल तर ती वाया गेली. ‘सायकल’ एवढ्यावर दिली तर फार ढोबळ. साइटवरची निम्मी पानं सायकलीबद्दलच असतील. ‘झिजलेली साखळी कशी ओळखायची आणि बदलायची’ हे नेमकं. अख्ख्या परिच्छेदावर लिंक पसरवली तर पुन्हा काहीच ठळक राहत नाही. दोन लिंक एकमेकींना चिकटवून ठेवणंही टाळावं, कारण लिंकच्या आधीनंतरचे शब्द संदर्भ म्हणून उपयोगी पडतात. शेजारी दुसरी लिंकच असेल तर तो संदर्भ उरत नाही. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणारे वाचक पानावरच्या लिंकची नुसती यादी ऐकतात. दहा वेळा ‘येथे’ ऐकून त्यांना काय उमगणार?

मराठीत लिहिताना विभक्तीची एक अडचण येते. ‘साखळीचा’ या शब्दात ‘साखळी’वर लिंक आणि ‘चा’ बाहेर, असं केलं की एकाच शब्दाला दोन रंग येतात. टॅग चुकून व्यंजन आणि मात्रेच्या मध्ये पडला, तर मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली दिसू शकते. प्रत्ययासकट पूर्ण शब्द लिंकमध्ये घ्यावा, किंवा वाक्यच असं फिरवावं की अँकर स्वतंत्र नामासारखा उभा राहील. आणि नुसता पत्ता चिकटवू नये. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह ३ अक्षरांनी लिहिला जातो. ‘साखळी’ या शब्दातली ५ चिन्हं अशी ४५ अक्षरांची होतात. वाचकाला ते गिचमिड वाटतं, आणि त्याचं म्हणणं रास्त आहे.

सगळा जोर बाहेरून लिंक मिळवण्यावर देणाऱ्यांचं मला नवल वाटतं. स्वतःच्या साइटमधल्या लिंक पूर्णपणे आपल्या हातात असतात आणि दुर्लक्ष नेमकं तिथेच होतं. एका तक्त्यात तीन रकाने करा: कोणत्या पानावरून, कोणते शब्द, कोणत्या पानाकडे. प्रथम तिसऱ्या रकान्यानुसार लावा. तिथे ज्या पानाचं नावच आलं नाही ते अनाथ; साइटमॅपमध्ये (सर्च इंजिनाला दिलेल्या पानांच्या यादीत) असलं तरी त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही. मग दुसऱ्या रकान्यानुसार लावा. एकच अँकर दोन वेगवेगळ्या पानांकडे जात असेल, तर त्या विषयाचं मुख्य पान कोणतं हे तुम्हीच संदिग्ध ठेवलंय. अशा वेळी एक पान निवडून ते शब्द त्यालाच द्यायचे आणि दुसऱ्याला त्याच्या वेगळेपणाचं नाव द्यायचं: एक ‘साखळी बदलणे’, दुसरं ‘साखळीला तेल देणे’. फरक सांगता येत नसेल तर ती दोन पानं एकत्र करावीत.

एकत्र करताना किंवा पत्ता बदलताना जुन्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट (नव्या पत्त्याकडे कायमचं वळवणारी सूचना) लावायचा. म्हणजे जुन्या लिंकचं वजन आणि शब्द नव्या पानाकडे वळतात. तो किमान वर्षभर तरी काढू नये, असं गूगलच सांगतो. शक्य असेल तर कधीच काढू नये, असं मी म्हणेन. गूगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, सलग १० उड्यांपर्यंत पाठलाग करतो, पण रीडायरेक्टची साखळी लांबवण्यात शहाणपण नाही. आणि बंद केलेली सगळी पानं सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणं ही लोकप्रिय चूक आहे. ती ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे प्रत्यक्षात नसलेली पानं, धरली जातात आणि लिंक बुडतात त्या बुडतातच.

सर्च इंजिनाने कोणती पानं वाचू नयेत हे सांगणाऱ्या रोबॉट्सच्या फाइलबाबतही गैरसमज आहे. तिथे पान अडवलं की ते शोधातून जातं असं नाही. बाहेरच्या लिंक असतील तर पान न वाचता, नुसत्या त्या लिंकच्या आधारावर गूगल त्याचा पत्ता इंडेक्समध्ये घेऊ शकतो, वर्णनाशिवाय. पान खरोखर काढायचं असेल तर त्यावर ‘नोइंडेक्स’ (इंडेक्समध्ये घेऊ नका) लावायचं आणि क्रॉलिंग, म्हणजे गूगलबॉटने पान वाचणं, उघडं ठेवायचं, कारण आत शिरल्याशिवाय ती सूचना त्याला दिसणार कशी?

‘या लिंकला वजन देऊ नका’ असं सांगणारं ‘नोफॉलो’ जानेवारी २००५ मध्ये टिप्पण्यांमधल्या स्पॅमवर उपाय म्हणून आलं. गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून ते स्वीकारलं. मग काहींनी स्वतःच्याच पानांवर ते लावून उरलेल्या लिंककडे वजन वळवायला सुरुवात केली. गूगलने २००९ मध्ये खुलासा केला की हे चालत नाही: १० पैकी ५ लिंकवर नोफॉलो लावलं, तरी उरलेल्या पाचांना वरच्या हिशोबातले ०.०८५ च मिळतात, ०.१७ नाही. बाकीचं हवेत विरतं. सप्टेंबर २०१९ पासून पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’ आणि वाचकांनी टाकलेल्या लिंकसाठी ‘यूजीसी’ या खुणा आल्या, आणि तिन्ही खुणा आता हुकूम नसून इशारा मानल्या जातात.

बाहेरून येणाऱ्या अँकरमध्ये अतिशहाणपणा लगेच उघडा पडतो. लोक आपणहून लिंक देतात तेव्हा कोणी साइटचं नाव लिहितो, कोणी शीर्षक, कोणी नुसता पत्ता, कोणी अर्धं वाक्य. दोनशे साइटवर काना-मात्रा न बदलता ‘सर्वोत्तम सायकल साखळी’ हेच आढळलं, तर ते लोकांचं मत नव्हे, पढवलेले साक्षीदार. २४ एप्रिल २०१२ ला आलेल्या गूगलच्या पेंग्विन अपडेटचा रोख यावरच होता, आणि तेव्हा अख्ख्या साइट खाली घसरल्या. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मूळ अल्गोरिदममध्येच आहे आणि तो बहुधा शिक्षा देण्याऐवजी तशा लिंक हिशोबातूनच वगळतो. कोणत्या प्रकारचे अँकर किती टक्के असावेत याचे तक्ते एसइओवाले (साइट शोधात वर आणून देण्याचा धंदा करणारे) विकतात. कोणत्याही सर्च इंजिनाने असं प्रमाण कधी जाहीर केलेलं नाही.

सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातल्या ‘लिंक्स’ अहवालात बाहेरच्यांनी वापरलेल्या शब्दांची यादी मिळते. तिच्यात विचित्र शब्द दिसले म्हणून लगेच डिसअव्हाव फाइल (‘या लिंक मोजू नका’ असं गूगलला सांगणारी यादी) बनवू नका. मॅन्युअल कारवाईची, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या शिक्षेची, सूचना आली असेल, किंवा विकत घेतलेल्या लिंकमुळे ती येण्याची दाट शक्यता असेल, तरच. आधी त्या लिंक काढून घेण्याचा प्रयत्न करावा. न निघालेल्यांसाठी साधी मजकूर फाइल, दर ओळीत एक पत्ता किंवा ‘डोमेन’ हा शब्द, विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि साइटचं नाव. मर्यादा १ लाख ओळी आणि २ एमबी. नवी फाइल चढवली की ती जुनीच्या जागी बसते, तिच्यात मिळवली जात नाही. हे न कळल्यामुळे पुष्कळांची आधीची यादी पुसली जाते.

लिंकचं महत्त्व पूर्वीइतकं राहिलं नाही, हेही खरं. गूगलचे गॅरी इलिस यांनी २०२३ मध्ये सांगितलं की लिंक आता पहिल्या तीन निकषांत नाहीत. पण नवं पान सापडायचं कसं, आणि सापडल्यावर ते कशाबद्दल आहे याचा पहिला सुगावा कुठून लागायचा, या दोन कामांसाठी लिंक अजून लागतेच. तेव्हा तक्ता करायला बसलात तर सुरुवात दुसऱ्या रकान्यात ‘येथे’ शोधण्यापासून करा. सर्वात जास्त दुरुस्त्या तिथेच निघतील.