तुम्ही विचारलंत म्हणून: कडक कायदा आला की माझ्या पोटात का दुखतं?

हा प्रश्न मला कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही येतो. "काका, तुमचा पुढाऱ्यांवर काडीचा विश्वास नाही, सगळे चोर म्हणता, मग त्रास देणाऱ्यांना सरळ आत टाकणारा कायदा आला की विरोध कशाला?"

अरे, विश्वास नाही म्हणूनच तर!

२०१९ च्या नोव्हेंबरात सकाळी चहा घेत टीव्ही लावला तर शपथविधी उरकलेला, मग २०२२ ला एक पक्ष फुटला, २०२३ ला दुसरा, आणि आपण ज्याला मत दिलं तो आज कुणाकडे आहे हे बघायला गुगल करावं लागतं. यावर आपण सगळे मीम फॉरवर्ड करतो, मीही करतो. पण तोच ग्रुप संध्याकाळी "ठेचा एकदाचे यांना" म्हणून टाळ्या वाजवतो. ज्याच्या हाती गल्लीतल्या गटाराचं टेंडर द्यायला जीव होत नाही त्याच्या हाती, कुणाला उचलायचं हे ठरवायचा अधिकार आपण इतक्या आनंदाने कसा काय देतो?

पालघर आठवतंय ना? नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब गेले, मुंबई बंद होती. एका मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल लिहिलं, तिच्या मैत्रिणीने लाइक केलं, आणि दोघींना अटक. लाइक केलं म्हणून! तेव्हा लावलेल्या कलमांत आयटी ॲक्टचं ६६अ पण होतं, २००८ च्या दुरुस्तीत आलेलं. कुणाला त्रास होईल, गैरसोय होईल असलं काही पाठवलं तरी त्यात बसवता यायचं आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आता गैरसोय म्हणजे काय ते कोण ठरवणार, तर ज्याची गैरसोय झाली तोच. सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द केलं. तरी २०२१ मध्ये त्याच कोर्टाला कळलं की पोलीस अजून त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवतायत, रद्द झाल्यावर सहा वर्षांनी. हे मी कुणाला सांगितलं की "जाऊ द्या हो, चुकून होतं" म्हणतात.

महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकाचंही तेच, म्हणजे एखादी संघटना बेकायदा ठरवून तिच्या लोकांना आत टाकता येईल असा कायदा. जुलै २०२५ ला विधिमंडळात पास झालं. ते तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे १२ हजारांच्या वर सूचना-हरकती आल्या होत्या, थोडेफार शब्द बदललेही, पण संघटना बेकायदा ठरवायची ती सरकारनेच. आज तुमच्या आवडीचं सरकार आहे, ठीक. पाच वर्षांनी कोण कुठल्या पक्षात असेल हे त्यांना तरी माहीत आहे का?

मी आपला माहिती अधिकाराचा अर्ज टाकत असतो. जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, शब्द दीडशेच्या आत (या लेखात मला ते जमलेलं नाही). त्या कायद्यात लिहिलंय की जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर माहिती ४८ तासांत द्यायची, एरवी ३० दिवसांत. माझा अर्ज आमच्या रस्त्याच्या डांबराचा होता. सातवा महिना चालू आहे, अपील टाकलंय.